रेव्हन्सगिलला गाडी येणार होती

तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विनी थ्वेटला विचारलं, तर ती सांगायची, "स्टेशन. तेवढी गाडी सोडली तर तिथे सगळं आहे."

आणि खरंच सगळं होतं. फलाट होता. फलाटावर घड्याळ होतं आणि त्याला न चुकता किल्ली दिली जायची. कुंड्यांतून जिरॅनियम फुललेले असायचे. बायकांसाठी वेगळी खोली होती, तिच्यात शेगडी होती आणि शनिवारी त्या शेगडीवर चहाचं आधण चढायचं. रूळसुद्धा होते, गंजलेले, पण होते. दगडाच्या खाणीची मालगाडी थांबली तेव्हापासून त्यांच्यावरून चाक म्हणून फिरलं नव्हतं. माणसं नेणारी गाडी तर विनी फ्रॉकातली पोर होती तेव्हाच वरच्या कुणा शहाण्यांनी परवडत नाही म्हणून बंद करून टाकली होती. टेकड्यांपलीकडचं वेस्टरबी शहर रुळावरून अर्ध्या तासाचं. पण रस्ता डोंगराला वळसे घालत जाणारा, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की तोही मिटायचा.

विनीने सारा जन्म गावच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढण्यात घालवला. खिमा, उकडलेला कोबी, वर कस्टर्ड ओतलेलं पुडिंग. गावात चाळिशीच्या आतलं एक माणूस असं नव्हतं, ज्याला तिने ताटातलं संपवायला लावलं नव्हतं. नवरा नॉर्मन खाटीक. त्याचं दुकान चर्चच्या समोर. दिवसभरात तो जेवढं बोलायचा तेवढं विनी न्याहारीच्या आधी बोलून मोकळी व्हायची, आणि दोघांचं छान चाललं होतं.

गावाने आपली स्वतःची रेल्वे काढायची, ही कल्पना क्लाइव्ह मेटकाफची. क्लाइव्ह म्हणजे शाळेचे निवृत्त भूगोल शिक्षक. सरकार गाडी सोडत नाही ना, मग आपण सोडू, असं त्यांनी चर्चच्या सभागृहात सांगितलं. कंपनी गावाची, मालक गाव, रूळ भाड्याने घ्यायचे, दोन डब्यांची जुनी डिझेल गाडी आणायची, सकाळी वेस्टरबीला सोडायची, संध्याकाळी परत. ते सगळं इतकं सरळ वाटलं की घरटी प्रत्येकाने कंपनीचा एकेक भाग विकत घेतला. नॉर्मननेही घेतला. वर 'गाडी आली की सॉसेज स्वस्त' अशी पाटी दुकानात लावली. ती पाटी पुढे उन्हाने पिवळी पडली.

कारण मग समिती झाली. समिती म्हटली की या मंडळींना जगात दुसरं काही सुचत नाही. मागच्या सभेचं वाचन, त्यावरची चर्चा, आभार, चहा, पुढच्या सभेची तारीख. नमनालाच घडाभर तेल. दोन वर्षं तर फलाटावरच्या बाकांना कुठला रंग द्यायचा यावरच गेली. एक पक्ष म्हणे हिरवा, कारण वाफेच्या इंजिनांच्या काळात हिरवा होता. दुसरा पक्ष म्हणे त्याच्याही आधी तपकिरी होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. विनी उठून म्हणाली, "अहो, रंग गाडीत बसून ठरवू या की. आधी गाडी आणा." सगळे हसले. अध्यक्षांनी सूचनेची नोंद घेतली.

तोवर विनीलाही गाडी म्हणजे एक हौसच होती, नाही असं नाही. शनिवारी हातमोजे घालून रुळांतली काटेरी झुडपं उपटायला जायचं, आल्याचा केक खायचा, चार जणांशी भांडायचं. पण मग नॉर्मनची मूत्रपिंडं गेली.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातून तीनदा वेस्टरबीच्या हॉस्पिटलात डायलिसिस. नॉर्मनला गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली. विनी आयुष्यात कधी शिकली नव्हती. बस होती, ती कौन्सिलने आधी बाजाराच्या दिवसापुरती ठेवली आणि मग प्रवासी नाहीत म्हणून तीही काढून घेतली. हॉस्पिटलची मोटार यायची, पण ती वाटेत आणखी तीन दऱ्यांतली माणसं गोळा करत यायची. सकाळी निघालेला नॉर्मन रात्री घरी यायचा तो चेहऱ्यावर राखेचा रंग घेऊन. आणि पाणी बेताने प्यायचं, म्हणून त्याला चहाही मोजून. जन्मभर बादलीभर चहा प्यायलेल्या माणसाला विनी आता उकडलेलं अंडं ठेवायच्या इवल्या कपातून चहा द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "तुम्ही दोघं वेस्टरबीला राहायला या."

"आमचं घर रेव्हन्सगिलला आहे," विनी म्हणाली.

"मला कळतं. पण हा प्रवासच त्यांना मारेल."

त्या दिवसापासून विनीसाठी गाडी ही हौस राहिली नाही. गाडी आली तर घर राहणार होतं, नाही आली तर जाणार होतं.

ती समितीच्या मागे हात धुऊन लागली. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की लंडनहून एक उपमंत्री रुळाची पाहणी करायला येताहेत. क्लाइव्ह मेटकाफ आनंदाने लाल झाले. म्हणाले, "आपलं या मार्गावर किती प्रेम आहे ते त्यांना दिसलं पाहिजे."

आता प्रेम दाखवायचं म्हणजे काय करायचं? दुसऱ्या कुठल्या देशात लोक रुळावर आडवे झाले असते, निदान मंत्र्याच्या मोटारीपुढे तरी उभे राहिले असते. रेव्हन्सगिलच्या लोकांनी फुलं लावली. मोकळी जमीन दिसली की तिच्यात काहीतरी पेरल्याशिवाय यांना झोप लागत नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या खडीत काही जगत नव्हतं, तेव्हा युक्ती विनीनेच काढली. खाणीच्या उतारावर पिवळ्या फुलांचं एक रानटी झुडूप दगडातही माजायचं. तिने त्याचं बी ओटीत भरभरून आणलं आणि फलाटापासून बोगद्यापर्यंत पेरलं. जूनमध्ये रुळांवर हळदीचा सडा टाकल्यासारखं दिसायला लागलं.

उपमंत्री मोटारीने आले. त्यांनी केक खाल्ला, फुलांत उभं राहून फोटो काढून घेतला, "फारच आशादायक," असं म्हणाले आणि मोटारीने गेले. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही. पण फुलांच्या मागोमाग फुलपाखरू आलं.

नखाएवढं, निळसर, राखी. निवृत्त दंतवैद्य असलेल्या एका सभासदाला ते प्रथम दिसलं. त्याने सभेत मोठ्या भिंगाने काढलेलं चित्र दाखवलं. ही जात सगळ्या परगण्यातून नाहीशी झाली होती म्हणे, आणि ती फक्त त्या पिवळ्या फुलावरच अंडी घालते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. विनीनेही वाजवल्या, चांगल्या जोरात वाजवल्या. तिला वाटलं, आता तरी लोकांचं आपल्या रुळाकडे लक्ष जाईल.

लक्ष गेलं. कौन्सिलने तज्ज्ञ पाठवले. ते गुडघ्यांवर बसून फुलं बघत फिरले. मग त्यांनी निर्णय दिला की या मार्गावरून गाडी गेली तर फुलपाखरांचं जगणं धोक्यात येईल. सबब गाडी नाही. रूळ काढून टाकावेत. बाजूने चालायला पायवाट करावी. फलाटासमोर चार हात रूळ आठवण म्हणून ठेवावेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

सगळ्यांत संतापाची गोष्ट तर पुढे आहे. गाव भडकलं नाही. क्लाइव्ह मेटकाफ सभेत घसा खाकरत उभे राहिले आणि म्हणाले, "आपण वेगळ्या अर्थाने यशस्वी झालो आहोत." गावाच्या रेल्वे कंपनीचं नाव बदलून फुलपाखरू मित्र मंडळ करावं, असा ठराव त्यांनी मांडला.

विनी उभी राहिली. "क्लाइव्ह, फुलपाखराला वेस्टरबीला जायचं असेल तर ते उडत जाईल. नॉर्मनने कसं जायचं?"

"विनी, आम्हा सगळ्यांना नॉर्मनबद्दल किती वाटतं ते तुला ठाऊक आहे."

"वाटण्यावर बसून जाता येत नाही."

"पण आता हातातलं घालवून चालेल का? एवढा मान गावाला कधी मिळाला होता?"

"मला मान नको. मला मंगळवारची गाडी हवी आहे."

कुणी वर पाहिलं नाही. जो तो आपापल्या चहाच्या कपात काही सापडतंय का बघत होता. हात वर झाले. विरोधात एकच हात होता. नॉर्मन त्या दिवशी हॉस्पिटलात होता. मिसेस थ्वेट यांच्या विरोधाची नोंद घेण्यात आली.

पुढच्या उन्हाळ्यात पायवाट उघडायचा दिवस आला. रविवार होता. आणि त्या रविवारी सकाळी विनीने जे पाहिलं ते बघून तिच्या हातातली पिशवी गळून पडायची बाकी राहिली. स्टेशनच्या अंगणात एक नवीकोरी बस येऊन थांबली. बसवर निळं फुलपाखरू रंगवलं होतं. आतून दुर्बिणी गळ्यात घातलेली शहरातली माणसं उतरली. दर रविवारी फुकट बस, वेस्टरबीहून सकाळी येणार आणि पाचला परत जाणार. फुलपाखरं बघायला. नॉर्मनसाठी बस परवडत नव्हती.

कौन्सिलचा टोबी नावाचा तरुण अधिकारी पुढे आला. "विनी, तुमच्यासाठी एक गंमत आहे हं."

"मिसेस थ्वेट," विनी म्हणाली.

फलाटावर एका बाकावर कापड टाकलेलं होतं. टोबीने ते ओढलं. बाक हिरवा होता. हिरवा पक्ष शेवटी जिंकला. पाठीवर पितळेची पाटी: 'विनिफ्रेड थ्वेट यांना कृतज्ञतापूर्वक. ही फुलं त्यांनी लावली.'

विनीने पाटी वाचली आणि नवऱ्याकडे वळली. "नॉर्मन, बाकाला पाटी मेल्यावर लावतात ना रे?"

"बहुतेक," नॉर्मन म्हणाला. "तुझ्याबाबतीत त्यांना धीर निघाला नसेल."

फीत कापायची कात्री तिच्या हातात दिली होती. तिने फीत कापली, कारण सांगितलेलं काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. मग कात्री पर्समध्ये टाकली, नॉर्मनचा हात धरला, अंगण ओलांडलं आणि दोघं बसमध्ये चढून पहिल्या बाकावर बसली. पर्समधून सँडविचचा डबा निघाला. ड्रायव्हर डॅरेन हर्ड, तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. तो मागे वळला.

"थ्वेटबाई, बस पाचला निघणार."

"माहीत आहे. आम्ही मंगळवारपर्यंत बसणार आहोत."

"मंगळवारी काय आहे?"

"याचं डायलिसिस."

डॅरेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी नोकरी जाईल हो बाई."

"डॅरेन, कोबी संपेपर्यंत मी तुला कधी उठू दिलं होतं का?"

"नाही बाई."

"मग मीपण हे संपेपर्यंत उठणार नाही. तू खाली जाऊन चहा पी."

थोड्या वेळाने टोबी आला. पायरीवर उभा राहून त्याने समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "मिसेस थ्वेट, या बसचा खर्च निसर्ग निधीतून होतो. त्या पैशातून पेशंटची ने-आण करता येत नाही. नियम आहे तसा."

"का? नॉर्मन काय प्लॅस्टिकचा आहे?"

"तसं नाही, पण हा निधी दुर्मिळ जिवांसाठी—"

"मग बघ की बाळा नीट. ही जात जगात एवढी एकच शिल्लक आहे."

नॉर्मनने टोपी उचलून नमस्कार केला. टोबी हसला. मनापासून हसला, आणि तेच विनीला सहन झालं नाही. तो चिडला असता तर ती त्याच्याशी भांडली असती. त्याने तर हसून, मान डोलावून सांगितलं, "मी हे नक्की वर कळवतो. नोंद घेतो."

पाच वाजत आले. खाली परतीच्या प्रवाशांची रांग लागली. रांगेच्या मागे गावातले लोक उभे होते. विनी काचेतून एकेकाकडे बघत राहिली. तिने ज्यांना वाढलं, नॉर्मनने ज्यांना नाताळचं मांस उधारीवर दिलं, ते सगळे होते. यातला एक, फक्त एक जण येऊन मागच्या बाकावर बसेल, असं तिला वाटत होतं. एक बसला असता तर दुसरा बसला असता. आले ते क्लाइव्ह मेटकाफ, आणि दारातून हळूच म्हणाले, "विनी, पाहुण्यांसमोर नको गं."

मग प्रवासी चढायला लागले. बस भरली. शेवटी एक बाई राहिली, कडेवर रडून दमलेलं मूल. तिला जागा नव्हती. नुसती दांडा धरून उभी राहिली. नॉर्मनने तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"चल गं घरी," तो म्हणाला. "त्या पोरीला बसू दे."

विनी उठली. टोबीच्या नियमाने ती उठली नसती, पोलिसांनीही ती उठली नसती. सभ्यपणाने उठली. त्याच सभ्यपणाने गावाने फुलं लावली होती, टाळ्या वाजवल्या होत्या आणि चहाच्या कपात माना घातल्या होत्या. ती चांगुलपणाची शिकवण ज्याने कुणी या लोकांना दिली त्याचं तळपट होवो, असं ती घरी जाईपर्यंत पुटपुटत होती.

जानेवारीत बर्फ पडलं. रस्ता मिटला. हॉस्पिटलच्या मोटारीचा फोन आला की आज येता येत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन. नॉर्मनच्या अंगात पाणी साठलं, पाय सुजले, आडवं झालं की श्वास लागेना. विनी त्याला उशांना टेकवून बसवून राहिली. आभाळ जरा उघडलं तेव्हा त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं. आणि उतरलं कुठे, तर स्टेशनच्या अंगणात. गाव शाली पांघरून बघायला जमलं. विनी स्ट्रेचरबरोबर चालता चालता क्लाइव्हसमोर थांबली.

"क्लाइव्ह, गाडी परवडत नव्हती," ती म्हणाली. "हे परवडतं का, बघ विचारून."

नॉर्मन वाचला. पण घर गेलं. मार्चमध्ये त्यांनी वेस्टरबीला हॉस्पिटलच्या मागे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून हॉस्पिटलचं धुराडं दिसायचं, बाग नव्हती. नॉर्मन तासन् तास खिडकीशी बसायचा. तक्रार त्याने कधी केली नाही. एकदाच म्हणाला, "इथे मातीचा वास येत नाही, नाही का?"

जूनमधल्या एका रविवारी विनी फुलपाखरांच्या बसमध्ये चढली. तिला आपलं गाव बघायचं होतं, आणि तिथे जायला दुसरं वाहन नव्हतं. पहिला बाक डॅरेनने तिच्यासाठी रिकामा ठेवला.

स्टेशनवर मंडळाची एक नवी स्वयंसेविका होती. अंगात निळं जाकीट, हातात माहितीपत्रकं. तिने हसून एक विनीच्या हातात दिलं. "पहिल्यांदाच येताय?"

विनी फलाटाच्या टोकाला गेली, उतारावरून खाली उतरली, खडीत गुडघे टेकले, आणि एक पिवळं झुडूप बोटांनी मोकळं करून मुळासकट उपटलं. सँडविचच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. वर मूठभर माती टाकली.

स्वयंसेविका फलाटावरून धावत आली आणि टोकाच्या हिरव्या बाकाला टेकून खाली वाकली. "अहो, काय करताय? ही झाडं संरक्षित आहेत. गुन्हा आहे तो."

"माहीत आहे मला."

"मग का उपटलंत?"

"मी लावलं होतं. गाडी यावी म्हणून."

"कुठली गाडी?" मुलीने खरंच गोंधळून विचारलं. तिने आठवणीपुरत्या ठेवलेल्या त्या चार हात रुळांकडे पाहिलं. "इथे गाडी यायची होती?"

विनी फलाटाला धरून उठली. गुडघ्यांवरची खडी झटकली.

मुलगी अवघडली, पण कर्तव्याला चुकली नाही. तिने फोन काढला. "सॉरी, पण मला हे कळवावं लागेल. तुमचं नाव सांगता?"

"तू ज्या बाकाला टेकली आहेस ना," विनी म्हणाली, "त्यावर आहे. वाच."

मुलीने वळून पाटी वाचली. मग विनीकडे पाहिलं. फोन तिच्या हातात तसाच राहिला.

विनीने डब्याला झाकण लावलं, डबा पर्समध्ये उभा बसवला आणि अंगणात जाऊन बसच्या रांगेत उभी राहिली. पाच वाजायला अजून बराच अवकाश होता, आणि रांगेत दुसरं कुणी नव्हतं.